परस नसलेल्या घराची परसबाग

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या शाळेत हात धुवायच्या ओट्यामागं अळूचा एक वाफा होता. मुलं जेवणाआधी हात धुवायची, जेवणानंतर ताटं विसळायची आणि ते पाणी विटांच्या चरातून सरळ अळवात जायचं. चर मुलांनीच केला होता. त्यात अडकलेली भाताची शितं दर शनिवारी काडीनं काढायची, हे काम चौथीकडं. अळवाच्या पलीकडं केळीचे दोन खुंट, त्यापलीकडं शेवगा. एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच असायचं.

मेच्या सुट्टीत शाळेला शोषखड्डा मंजूर झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ओट्याला पीव्हीसी पाइप जोडलेला होता आणि पाइपचं दुसरं टोक खड्ड्यात होतं. चर बुजवून टाकला होता. खड्डा नीट बांधलेला आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले, त्याची माहिती मी स्वतः पालकसभेत वाचून दाखवली होती. पावसाळ्यात काही जाणवलंही नाही. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर अळवाची पानं कडेनं पिवळी पडलेली. नोव्हेंबरअखेर वाफा बसला. स्वयंपाकाच्या मावशी अळवाचे कंद उकरून बाजूला ठेवत म्हणाल्या, "बाई, पाणी तर सगळं खड्ड्यात चाललंय. ते कशावर जगायचं?"

नऊ वर्षं मी शाळेची परसबाग सांभाळते आहे. बी कुठलं, खत किती, मावा पडला तर काय फवारायचं, हे सगळं मी मुलांना शिकवलं. पण ओट्याचं पाणी कुठं जाणार हे कोणी ठरवलं, कोणत्या सभेत ठरवलं, आम्हाला का विचारलं नाही, हे प्रश्न मला त्या वाळलेल्या अळवापाशी पहिल्यांदा पडले. परसबाग ही हौस असते असं आपण धरून चालतो. माझं आता ठाम मत झालं आहे की तो कारभाराचा प्रश्न आहे. पाणी, जागा आणि बी या तिन्ही गोष्टींचे निर्णय कोण घेतं, त्यावर घरामागं भाजी उगवणार की नाही हे ठरतं.

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट ६२. आमच्याकडं जुलैत कपडे वाळत नाहीत आणि मार्च लागला की बायका हंडे घेऊन विहिरीवर नंबर लावतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, इतका पाऊस पडतो मग पाणी जातं कुठं म्हणून विचारतात. जातं उतारानं खाली. धरणं आमच्या डोंगरात आहेत आणि पाटाचं पाणी खालच्या तालुक्यांत आहे.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी मिळावी असं प्रमाण ठरलेलं आहे. माझ्या ६२ मुलांचे होतात ३ किलो १०० ग्रॅम. आमची बाग अर्ध्या गुंठ्याची. मी वहीत रोजची तोडणी लिहून ठेवते, मावशी तराजू धरतात, मुलं आकडा वाचतात. अळू गेलं त्याच्या आदल्या हंगामात ऑगस्ट ते फेब्रुवारी मिळून ९६ किलो भाजी निघाली. तेवढ्या शाळेच्या दिवसांना लागणारी भाजी चार क्विंटल. म्हणजे चौथा हिस्सा. परसबागेनं शाळेचं भागतं असं मी कधीच म्हणणार नाही, आणि जे तसं म्हणतात त्यांनी एकदा वजनकाटा आणावा. पण त्या ९६ किलोत पालेभाजी निम्म्याहून जास्त होती. पालक, चवळी, अंबाडी, शेवग्याचा पाला. आठवडी बाजारातून इथवर येईपर्यंत पालेभाजी माना टाकते आणि पोषण आहाराच्या पैशात ती बसतही नाही, त्यामुळं बाग नसेल तेव्हा खिचडीत बटाटा, कांदा आणि कोबी एवढंच पडतं. शेवग्याचा पाला डाळीत घालायला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलांनी तो बोटानं बाजूला काढला. तिसऱ्या आठवड्यात एका मुलानं विचारलं, "बाई, आज हिरवी डाळ नाही का?"

सरकारला हे कळत नाही असं नाही. शाळांमध्ये पोषणबागा कराव्यात म्हणून केंद्रानं २०१९ च्या ऑक्टोबरात मार्गदर्शक सूचना काढल्या. उमेद अभियानात बचतगटांसाठी 'माझी पोषण परसबाग' मोहीम झाली. २०२२ च्या जानेवारीत देशभर पोषणबागांचा सप्ताह झाला. या सगळ्या कागदांवरचं मी वाचलेलं बरंचसं बरोबर आहे. गोल वाफे कसे आखायचे, कोणत्या महिन्यात काय लावायचं, सांडपाणी कसं वळवायचं, सगळं आहे. नाही ते एवढंच, की जानेवारीत आमच्या विहिरीची पातळी कुठं असते. मे आणि अर्धा जून शाळा बंद असताना बागेला पाणी कोण घालतं. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण कशातून करायचं. गेली तीन वर्षं आमचं कुंपण बोराटीच्या फांद्यांचं आहे, दर गणपतीच्या सुमारास नवं घालतो आणि संक्रांतीपर्यंत शेळ्या त्याला वाट पाडतात.

वर पाठवायचे ते फोटो. पेरणीचा, वाढीचा, तोडणीचा. मी तिन्ही पाठवते. एका वर्षी वाढीचा फोटो मागितला त्याच्या आदल्या रात्री गोगलगायींनी मेथी फस्त केली होती. मी रिकाम्या वाफ्याचा फोटो पाठवला आणि खाली खरं कारण लिहिलं. फोन आला, "मॅडम, जुना असेल तर तो टाका." मी टाकला नाही. त्या वर्षी तालुक्याच्या परसबाग स्पर्धेत आमचं नाव आलं नाही. बागेची माहिती गोळा करायचीच असेल तर वजन विचारा, पाणी कुठून आलं ते विचारा, बाग मेली तर का मेली ते विचारा. मेलेल्या बागांची कारणं तालुक्याच्या ठिकाणी एका कागदावर आली तर पुढच्या वर्षी पैसे कुठं घालायचे ते कोणालाही समजेल.

पण मला खरा धक्का बसला तो वर्गात. तिसरीला घरचा अभ्यास दिला होता, 'आपल्या परसबागेतील पाच भाज्यांची नावे लिहा.' दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. सतरापैकी सहा वह्या कोऱ्या. मी जरा रागावूनच विचारलं. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आमच्या घरामागं जागाच नाही. मागं दुसऱ्याची भिंत हाये."

मी ज्या घरात वाढले तिथं परस होता. संगमनेरच्या बाजूला, साधंच मातीचं घर. न्हाणीघराचं पाणी मोरीतून बाहेर पडायचं ते आधी अळवाला, मग केळीला आणि उरलं तर कर्दळीला. आईनं ते कधी कोणत्या शिबिरात ऐकलं नव्हतं. तिला पाणी वाया जाताना बघवायचं नाही, इतकंच. मांडवावर दोडका आणि वाल, कोपऱ्यात कढीपत्ता, उकिरड्याच्या कडेला डांगराचा वेल आपोआप आलेला. भाजी आणायला पैसे नसायचे असे दिवस घरात होते, पण ताटात भाजी नाही असा दिवस मला आठवत नाही. म्हणून मी वर्गात 'आपल्या परसबागेतील' असं लिहून मोकळी झाले. प्रत्येकाला परस असतो हे मी धरूनच चालले होते.

त्या सहा घरांना मी जाऊन आले. चार घरं घरकुल योजनेतली आहेत. पक्कं घर, वर स्लॅब, पावसाळ्यात गळत नाही. हे लहान सुख नाही, ज्यांनी गळतं छप्पर पाहिलं आहे त्यांना ते विचारा. आता आकडे बघा. ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. ज्यांना स्वतःची जागा नाही त्यांना जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं योजना आहे, तीत ५०० चौरस फुटांपर्यंत जागेला अर्थसाहाय्य मिळतं. ५०० मधून २६९ गेले, राहिले २३१. त्यात संडास, न्हाणी, चूल पेटवायची पडवी, दारातली वाट आणि एखादी शेळी. मग परसबागेला उरतो तो भिंतीलगतचा हातभर पट्टा, तोही उत्तरेकडून असेल तर ऊन नाही. एक हात घर देतो आणि दुसरा हात त्याच घरातल्या आईला परसबागेचं पत्रक देतो, आणि दोन हातांची गाठ पडत नाही.

पाण्याचंही तेच. नळजोडणीच्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. आमच्या गावात नळ दिवसाआड येतो, तेही फेब्रुवारीपर्यंत. या २७५ लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणंभांडी आणि संडास. दोन वाफ्यांना दिवसाआड चार-पाच बादल्या लागतात, त्या वेगळ्या कोणी देणार नाही. म्हणजे बागेला मिळणार ते सांडपाणीच. म्हणूनच मोरीच्या तोंडाशी घेतलेला निर्णय इतका मोठा असतो. पाइप खड्ड्याकडं वळला की त्या घरातली भाजी संपली, आणि बांधणाऱ्याच्या नोंदवहीत मात्र 'सांडपाणी व्यवस्थापन पूर्ण' असं जातं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी परसबाग हा पर्याय सांगितलेला आहे, तरीही खड्ड्याचं माप आणि दर ठरलेला असतो म्हणून गावोगाव खड्डाच होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. माझ्या शाळेत आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी येते आणि मी ती मुलांना समोर बसवून खायला लावते. गोळी हवीच. पण याच आकड्यांखाली पत्रकात लिहिलेलं असतं की मातांनी घरोघरी परसबाग फुलवून कुपोषणावर मात करावी. हे वाक्य मला टोचतं. ती माता पहाटे पाण्याला जाते, मग मजुरीला, संध्याकाळी सरपण. पोराचं वजन भरलं नाही की अंगणवाडीत पहिला प्रश्न तिलाच, 'परसबाग लावली का?' जागा नाही, पाणी नाही, आणि वर दोष तिच्या माथी. परसबागेला लागणारं काम हे काम आहे, ते बाईच्या मायेत जमा धरू नका. रोजगार हमीवर कुंपणाचं आणि आळ्यांचं काम घ्या, त्याची मजुरी द्या, मग बघा किती बागा उभ्या राहतात.

बियाण्याचं थोडक्यात सांगते. एका वर्षी आम्हाला भाजीपाला बियाण्यांची पाकिटं वाटपात आली. डांगर असं आलं की मुलांनी त्याला मिठी मारून फोटो काढला. मुलांनी बी राखेत घोळवून ठेवलं, पुढच्या वर्षी लावलं, तर एका वेलाला लांबुळकी फळं, दुसऱ्याला मुठीएवढी, तिसऱ्याला फळच नाही. संकरित बी होतं ते, दरवर्षी नवीनच आणावं लागणार. पाकिटावर ते बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं. आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बियाणं घरात जपलं, त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. वालाचे किती प्रकार असतात हे इथल्या आज्यांना सांगावं लागत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी नाव छापून विकता येत नाही. मग वाटपातली पाकिटं बाहेरून कशाला येतात? गावातल्या दोन आज्यांकडून किलोनं बी विकत घ्या आणि तेच वाटा. आमची शाळा आता तसंच करते. अडीचशे ग्रॅम चवळीचे पैसे देताना आजी घेत नव्हत्या, "पोरांना द्यायचं त्याचे कसले पैसे" म्हणाल्या. मी हातात ठेवले.

जागेचं काय करता येईल याचा विचार करताना मला इंग्लंडचा एक कायदा सापडला आणि त्यानं माझी झोप उडवली. १९०८ सालचा आहे. तिथं शहरात, कारखान्याच्या वस्तीत, चाळीसारख्या घरात राहणाऱ्या माणसाला भाजी लावायला जागा नसायची. कायद्यानं स्थानिक कौन्सिलांवर जबाबदारी टाकली की लोकांची मागणी असेल तर भाजीचे तुकडे भाड्यानं उपलब्ध करून द्यायचे. मागणी म्हणजे किती जण? गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी अर्ज केला की कौन्सिलला तो विचारात घ्यावाच लागतो. सहा! आणि एका तुकड्याचं जुनं प्रचलित माप साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. तिथंही अर्जदारांच्या लांबलचक याद्या असतात हे मला माहीत आहे, सगळं आलबेल नाही. पण भाजीसाठी जागा मागणं हा नागरिकाचा हक्क असू शकतो, हे कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलं. आपल्याकडं केरळचं कृषी खातं ओणमच्या आधी घरोघरी बियाणं पोचवतं, मोहिमेच्या नावाचा अर्थच 'ओणमला एक सूप भाजी' असा आहे. सूप म्हणजे पाखडायचं सूप. सणाशी जोडल्यामुळं पेरणीची तारीख आपोआप ठरते. आपल्याकडं मृग आहे, नागपंचमी आहे, आपल्यालाही हे जमू शकतं.

शाळेच्या ओट्याचं मी गेल्या डिसेंबरात मार्गी लावलं. गावातल्या प्लंबिंग करणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी पाइप मधेच कापला, टी जोडला आणि दोन्ही फाट्यांना एकेक कॉक बसवला. एक फाटा खड्ड्याकडं, दुसरा वाफ्याकडं. सामान आणि मजुरी मिळून ६४० रुपये. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाणी खड्ड्यात, नोव्हेंबरपासून मेपर्यंत वाफ्यात. कॉक फिरवायची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली आहे. मुलांनी वीस लिटरच्या बादलीनं मोजलं, दिवसाला सहा बादल्या पाणी निघतं. मावशींनी बाजूला ठेवलेले कंद आम्ही पुन्हा लावले. पंधरा दिवस काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी परिपाठाआधी पहिलीतली एक मुलगी मला हाताला धरून घेऊन गेली. मातीतून सुरळी केलेलं एक पान वर आलं होतं, बोटाएवढं, आणि टोकावर पाण्याचा थेंब.

हे ६४० रुपयांचं काम शोषखड्ड्याच्या अंदाजपत्रकातच असायला हवं होतं. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला आलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता, आणि पाण्याचा पुनर्वापर त्यात स्पष्ट लिहिलेला होता. मी हे पंचायतीत जाऊन विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "बाई, परसबाग हा खासगी विषय आहे, तो नियमात बसत नाही." मी त्यांच्याच टेबलावर सूचनांची प्रत ठेवली. त्यांनी ती वाचली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाले, ग्रामसभेत ठराव आला तर बघू.

मग ठराव तयार केला. दोन मागण्या आहेत. गावात यापुढं जो शोषखड्डा होईल त्याला दोन कॉक असावेत. आणि पाण्याच्या टाकीखाली, जिथं टाकी भरून वाहते तिथं, गावठाणातली चार गुंठे पडीक जागा ज्यांना परस नाही अशा घरांना भाजीसाठी द्यावी, नावावर नको, वापरायला, वर्षावर्षाच्या बोलीनं. आमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात येतं, ग्रामसभेच्या शब्दाला इथं वजन आहे. टाकीखालच्या त्या जागेवर एका पुढाऱ्याला व्यापारी गाळे काढायचे आहेत असं कानावर आलं आहे. म्हणजे सभेत दोन बाजू असणार. असू देत. भाजीचा वाफा आणि गाळा यांत गावानं उघडपणे निवड करावी, एवढंच मला हवं आहे.

मी सरकारी नोकर, माझी सही त्यावर चालणार नाही आणि मी केलेलीही नाही. अर्ज आयांनी केला आहे. वह्या कोऱ्या आल्या होत्या ती सहा घरं तर आहेतच, पण बातमी फिरली तशी वरच्या वाडीतून आणखी आली. परवा संध्याकाळी त्या तिसरीतल्या मुलाच्या आजी शाळेच्या फाटकापाशी थांबल्या होत्या. कागद कुठाय म्हणाल्या. शाईचा पॅड मी ऑफिसातून आणला. अंगठा लावून त्यांनी तो पदराला पुसला आणि विचारलं, "तिथं वाल चालंल ना बाई? माझ्याकडं काळ्या वालाचं बी हाये, तीन वर्षं झाली, पेरायला जागा नाही."

अर्जावर आता अकरा सह्या आणि आठ अंगठे आहेत. ग्रामसभा २६ जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर.